मळ्यावर सोडलेला कुत्रा आणि घर मिळालेला कुत्रा

"टाकला नाही हो, मळ्यावर दिलाय. मोकळा फिरतो तिथे." नाशिकच्या कॉलेज रोडच्या फ्लॅटमधला लॅब्राडॉर दिंडोरीकडे किंवा निफाडकडे रवाना झाला की हे वाक्य ठरलेलं. ऐकणाराही मान डोलावतो. कुत्रा मळ्यावर सोडणं आणि त्याला नवं घर देणं ही एकच गोष्ट, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही.

रस्त्यावर किंवा धरणाच्या कडेला सोडून येणं काय असतं ते सांगायला नको. उपाशीतापाशी मरेल असं जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड मात्र १० ते ५० रुपये, एका मिसळीचेही पैसे होत नाहीत. महापालिकेची गाडीही विसरा, ती भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी असते, आपला कुत्रा ठेवून घ्यायला नाही.

खरी गफलत मळ्यापाशी होते. मळ्यावर जागा असते आणि जागेलाच आपण घर समजतो. कुत्र्याला लागतात माणसं. फ्लॅटमध्ये वाढलेला कुत्रा पाच एकरांत सोडला तरी पाच एकर फिरत नाही, जिथे माणसांचा आवाज येतो त्या दाराशी बसून राहतो. मळेवाल्याला तर तो बहुतेक वेळा राखणीलाच हवा असतो. फोनवर एवढंच विचारा: "भाऊ, रात्री कुठे झोपेल तो?" "बाहेर ओट्याला बांधू ना, राखण होते," असं उत्तर आलं तर तो मळा आपल्या कामाचा नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या पट्ट्यात उसात बिबटे राहतात आणि अंगणात साखळीला अडकवलेला कुत्रा ही त्यांची सगळ्यात सोपी शिकार. साखळी नसती तर निदान पळाला असता.

दुसरी गोष्ट द्राक्षाची. नाशिकचा कुत्रा द्राक्षबागेत गेला म्हणून आपण खूश होतो, पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. त्यातलं टार्टरिक आम्ल त्याला कारण असावं, असं आता मानलं जातं. किती खाल्ली तर चालतील याचा भरवशाचा आकडा नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसरा थोडक्यातच लोळतो. आधी उलट्या होतात, मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होते. काढणीच्या दिवसांत, जानेवारी ते एप्रिल, बागेत खाली पडलेले मणी कोण वेचत बसणार? शिवाय कीटकनाशकांचे रिकामे डबे, उंदरांसाठी विष कालवून ठेवलेलं पीठ, ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायचं विषारी रसायन, हायड्रोजन सायनामाइड. मळ्यावरच्या कुत्र्याला यातलं काय चाटायचं नाही ते लहानपणापासून कळतं, असंही नाही. तिथलीही मरतात, फक्त त्याची चर्चा होत नाही. गोठा शेजारी असेल तर गोचीड आलीच, आणि गोचीड तापात कुत्रा आठवडाभर नुसता मलूल पडून असतो. "उन्हामुळे गळालाय" म्हणून सोडून देतात.

मळा म्हटलं की नकोच, असं मात्र नाही. मालक स्वतः तिथे राहतो, घरातलं कुणीतरी कुत्र्याला नावाने हाक मारणार आहे, रात्री दार लावून तो आत झोपणार आहे आणि गोचिडीचं औषध, वर्षाची रेबीज लस हा खर्च कोण करणार ते ठरलंय, अशा मळ्यावर बिनधास्त द्या. सालगड्याच्या भरवशावर असलेल्या फार्महाऊसवर नको. शनिवार-रविवारी येणारे मालक कुत्र्याचे पाहुणे असतात.

बाकीचे फरक किरकोळ. पैसे घ्यायचे की नाही यावर लोक उगाच भांडतात. घ्या किंवा घेऊ नका, पण "फुकट, आजच न्यावा" अशी जाहिरात करू नका. पहिलाच प्रश्न "मादी आहे का? जातीचे कागद आहेत का?" असा आला तर फोन ठेवा, तो माणूस पिल्लं विकणारा असण्याची शक्यता दाट. म्हणूनच नसबंदी देण्याआधी करून घ्या, टाके सुकायला १० ते १४ दिवस धरा. जाहिरातीत "खूप प्रेमळ आहे" लिहून काही कळत नाही. वय, वजन, लशींच्या तारखा, मांजर-मुलं-दुसरे कुत्रे यांच्याशी कसा वागतो ते लिहा. चावला असेल तर तेही लिहा. चावा लपवून दिलेला कुत्रा महिन्याभरात तिसऱ्या घरी जातो.

आणि द्यायलाच हवाय का, हेही एकदा तपासा. सोसायटीच्या नोटिशीमुळे देत असाल तर थांबा. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही.

देताना कुत्रा समोरच्याच्या घरी आपण नेऊन सोडायचा, मध्ये कुठल्या चौकात गाठून द्यायचा नाही. त्या निमित्ताने गेट, कंपाउंड, पाण्याचं भांडं नजरेखालून जातं. सोबत आठवडाभर पुरेल इतकं त्याचं नेहमीचं खाणं द्या, नवं थोडं थोडं मिसळत ७ दिवसांत बदलता येतं. एकदम बदललं की जुलाब. ओळखीचा वास सोबत राहावा म्हणून अंथरुणाची न धुतलेली चादर द्या, लसीकरणाचं पुस्तक द्या. पट्ट्यावरचा फोन नंबर त्याच दिवशी नव्या मालकाचा करा. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिची नोंदही बदला, नाहीतर हरवलेल्या कुत्र्याचा फोन तुम्हालाच येईल. पहिले दोन आठवडे गेटबाहेर दोरीशिवाय सोडायचा नाही. पळाला तर जुन्या घराचा रस्ता शोधत हायवेवर जाऊ शकतो, आणि सुरुवातीच्या दिवसांत ही भीती जास्त. कॉलर सैल असेल तर मागे सरकून डोकं काढून घेतो, म्हणून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि कॉलर दोन्हीला दोरी लावा.

कागदावर दोन ओळी लिहून घ्या: विकणार नाही, दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि जमलं नाही तर आधी आम्हाला कळवू. तसा फोन आला तर "आता तुमचा झाला" म्हणू नका. न्यायला गाडी घेऊन तुम्हीच जायचं, पेट्रोल तुमचं.