स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा तो व्हिडिओ आला. मोठाल्या डोळ्यांचा स्लो लोरिस, म्हणजे माकडांच्या दूरच्या नात्यातला एक छोटा प्राणी, बसलाय, कुणीतरी त्याला गुदगुल्या करतंय आणि तो दोन्ही हात वर करून जणू 'अजून करा' म्हणतोय. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला मात्र तो व्हिडिओ बघवत नाही. लोरिसच्या हाताला आतून, कोपराजवळ, एक ग्रंथी असते. धोका जाणवला की तो हात डोक्याकडे नेतो आणि त्या ग्रंथीतला स्राव चाटतो. लाळेत मिसळून त्याचं विष होतं. आपण हसत असतो तेव्हा तो चावायच्या तयारीत असतो.

गुदगुल्या झाल्या की मजाच वाटणार, हे आपण धरूनच चालतो. पण मग आपल्याच तळपायावर आपण बोट फिरवलं तर हसू का येत नाही? कातडी तीच, नसाही त्याच.

याचं उत्तर लहान मेंदूत आहे. 'बोट हलव' हा हुकूम स्नायूंकडे निघतो, तेव्हा त्याची एक नक्कल मेंदू स्वतःसाठी ठेवून घेतो. लहान मेंदू त्यावरून आधीच अंदाज बांधतो: अमुक क्षणी, अमुक जागी, इतका स्पर्श होणार. खरा स्पर्श आला की त्यातून हा अंदाज वजा होतो आणि बाकी फार थोडी उरते. दुसऱ्याच्या बोटाचा असा अंदाज बांधता येत नाही, म्हणून तो स्पर्श पुरा पोचतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोलपर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी हे फार सुंदर रीतीने दाखवलं. माणसाने डाव्या हाताने एक दांडा हलवायचा. यंत्र तीच हालचाल करून त्याच्या उजव्या तळहातावर मऊ फोम फिरवणार. हालचाल लगेच पोचली तर गुदगुल्या कमी. मग यंत्राला १००, २००, ३०० मिलिसेकंद उशीर करायला लावला. उशीर वाढला तशा गुदगुल्या वाढल्या! हात स्वतःचाच होता, फक्त अंदाज आणि स्पर्श यांची वेळ चुकली. दिशा थोडी फिरवली तरी तेच.

ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्याकडून दुसराच कुणी हालचाली करवतोय असं वाटतं, अशा मनोरुग्णांनाही ब्लेकमोर, फ्रिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. त्या रुग्णांना स्वतःचा आणि परका स्पर्श जवळपास सारखाच जाणवला. ती वजाबाकीच नीट होत नसावी. अशा माणसाला 'बाहेरची बाधा' म्हणून मांत्रिकापुढे बसवणं हा अन्याय आहे. त्याला डॉक्टरकडे न्या.

उंदरांनाही गुदगुल्या होतात. मेंदूशास्त्रज्ञ याक पांकसेप यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना गुदगुल्या केल्या, तर ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवले. आपले कान २० किलोहर्ट्झपाशी थांबतात, त्यामुळे हे हसू यंत्रावरच ऐकावं लागतं. हात थांबला की उंदीर त्याच्यामागे धावतात. मग २०१६ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी उंदरांना उंच चौथऱ्यावर, प्रखर उजेडात ठेवून तशाच गुदगुल्या केल्या. घाबरलेल्या उंदरांचं चिवचिवणं एकदम कमी झालं, स्पर्श ओळखणाऱ्या मेंदूपेशींची हालचालही मंदावली.

लोरिस निशाचर आहे. त्याचे ते मोठे डोळे काळोखात बघण्यासाठी आहेत, आणि व्हिडिओतली खोली दिव्याने लख्ख उजळलेली आहे.