तहकीम (वैवाहिक)

इस्लामी धर्मशास्त्रात (फिक्ह) पति-पत्नीचे भांडण विकोपाला गेल्यावर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमून ते मिटवण्याची रीत. मध्यस्थाला ‘हकम’ म्हणतात. मराठीतला ‘हुकूम’ त्याच अरबी धातूतून आला. आधार कुराणातील सूरा (अध्याय) निसाची 35 वी आयत (वचन). तिच्यातला ‘शिकाक’ हा शब्द ‘शिक्क’ म्हणजे बाजू यावरून लावतात : दोघे एकेका बाजूला गेले, अशी अवस्था. एकाच पक्षाच्या आडमुठेपणाला ‘नुशूज’ अशी वेगळी संज्ञा आहे. पत्नीच्या नुशूजबद्दल 34 वी आणि पतीच्या नुशूजबद्दल 128 वी आयत आहे.

हकमांचा अधिकार किती, हा जुना वाद. हनफी, शाफिई आणि मालिकी हे सुन्नी विधिपंथ. हनफींच्या मते हकम हे पक्षांचे वकील, म्हणजे त्यांच्या वतीने वागणारे प्रतिनिधी. पतीने अधिकार दिल्याखेरीज त्यांना विवाह मोडता येत नाही. शाफिईंचे प्रचलित मतही हेच. मालिकी त्यांना न्यायाधीश मानतात : दोन्ही हकमांचे एकमत झाल्यास पतीची संमती नसली तरी फारकत लागू होते, मात्र ती एकाच तलाकाइतकी धरतात, तीन तलाकांइतकी नाही. चौथे खलीफा अली (कार. 656–661) यांच्याकडे आलेल्या एका जोडप्याची हकीकत दोन्ही बाजू पुराव्याला घेतात. पत्नीने हकमांचा निर्णय आधीच मान्य केला. पतीने फारकतीला नकार दिला, तेव्हा अलींनी त्यालाही तशीच कबुली द्यायला लावले. कबुली घ्यावी लागली, म्हणून संमती आवश्यक, असे हनफी म्हणतात; नकार चालू दिला नाही, यावर मालिकी बोट ठेवतात. आयतीत ‘वकील’ नव्हे, ‘हकम’ हा शब्द आहे. त्यामुळे शब्दार्थाच्या दृष्टीने मालिकी मत अधिक सरळ दिसते. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ इब्न तैमिया यांचाही कल तिकडेच होता. तथापि आयत समेटाचाच उल्लेख करते, फारकतीचा नाही, हा प्रतिपक्षाचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

हकम सज्ञान, सचोटीचा आणि शास्त्र जाणणारा असावा. नात्यात तसा कोणी नसल्यास बाहेरचा चालतो. प्रत्येक हकम आपल्या माणसाला एकांतात भेटून नांदायचे आहे की नाही, तक्रार नेमकी कशाची, हे विचारतो. मग दोघे हकम एकत्र बसतात आणि ऐकलेले एकमेकांपासून लपवत नाहीत. मालिकी पद्धतीत दोष पतीचा ठरल्यास पत्नीवर मोबदल्याचा बोजा न टाकता फारकत, पत्नीचा ठरल्यास ‘खुला’, म्हणजे तिच्याकडून मोबदला घेऊन फारकत. एका हकमाने फारकत दिली आणि दुसऱ्याने नाही, तर ती लागू होत नाही. बैठक बहुधा फिसकटते ती हकम आपल्या घरची वकिली करू लागल्याने, किंवा पतीने आधीच तलाक उच्चारल्याने : मग समेटाची बोलणी मागे पडून इद्दत (फारकतीनंतर पत्नीने पाळायचा प्रतीक्षाकाळ) आणि महर (पतीने पत्नीला द्यायचे विवाहधन) यांचीच चर्चा उरते.

ईजिप्तच्या 1929 च्या 25 व्या कायद्याने हकमांची नेमणूक न्यायालयाकडे दिली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात (2002) तलाकपूर्वी दोन्ही कुटुंबांच्या मध्यस्थांकरवी समेटाचा प्रयत्न आवश्यक ठरवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने त्याच वर्षी असाच निर्णय दिला होता. महाराष्ट्रातील बहुसंख्य सुन्नी हनफी, तर कोकणी मुसलमान शाफिई आहेत. त्यामुळे दोन्हीकडे परंपरेने हकम वकीलच ठरतो.