गूळ-यीस्ट टाकलं की सेप्टिक टँक उपसावी लागत नाही?

फॉरवर्ड बऱ्याच वर्षांपासून फिरतोय: महिन्यातून एकदा गूळ आणि यीस्ट कमोडमधून फ्लश करा, टाकी जन्मात उपसावी लागणार नाही. कुठे यीस्टऐवजी शेण असतं एवढंच.

ऐकायला पटतं, कारण मैला कुजवायचं काम जिवाणूच करतात हे खरंय. पण ते जिवाणू आपल्या विष्ठेतूनच रोज टाकीत जात असतात, वेगळे सोडायची गरजच नसते, आणि यीस्ट म्हणजे बुरशी, ती साखर खाते, मैला नाही. दुसरं म्हणजे जिवाणू कितीही असले तरी सगळंच काही कुजत नाही, माती, वाळू, न कुजणारा चोथा तळाशी गाळ होऊन साठतोच, वर तेलकट साय धरते, आणि मधलं पाणी तेवढं शोषखड्ड्यात जातं. गाळ वाढला की तोही पाण्याबरोबर तिकडे जातो आणि शोषखड्डा तुंबतो, मग खर्च टाकी उपसणाऱ्या टँकरच्या कितीतरी पट.

तपासायचं कसं? झाकण उघडून पाण्याची पातळी बघून काही कळत नाही, टाकी कायम औटलेटपर्यंत भरलेलीच असते. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडा, थोडं थांबून हळूच काढा, काळा चिकट गाळ जिथपर्यंत लागलाय तेवढा थर. खोलीच्या एक तृतीयांश झाला की टँकर बोलवा, साधारण २-३ वर्षांनी वेळ येतेच. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, काडी-बिडी अजिबात नको, आत मिथेन असतो, आणि माणूस आत उतरवायचा नाही, सुरक्षा साधनांशिवाय उतरवायला तर २०१३ च्या कायद्याने बंदीच आहे.