भांग सौम्य, गांजा वाईट?

महाशिवरात्रीला भांगेची थंडाई पिणारा माणूस गांजा ओढणाऱ्याला खुशाल नावं ठेवतो. झाड मात्र दोघांचं एकच. पानं घोटली की भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे सुकवले की गांजा. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने शेंडे धरले, नुसती पानं वगळली, आणि तेव्हापासून भांग म्हणजे निरुपद्रवी हा समज आणखीच पक्का झाला. (महाराष्ट्रात तिच्यावर १९४९चा दारूबंदी कायदा आहेच, पण होळीच्या दिवशी ते कोणाला आठवतं?)

नशा आणणारं टीएचसी दोन्हींत तेच; शेंड्यांत जास्त, पानांत कमी. खरा फरक ते शरीरात कोणत्या वाटेने शिरतं त्यात आहे. चिलमीचा धूर फुप्फुसांतून रक्तात जातो, काही मिनिटांत चढतो, दोन-चार तासांत बराचसा उतरतो. किती झालं ते ओढणाऱ्याला लगेच कळतं. भांग पोटातून यकृतात जाते. तिथे टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनतं, तेही जोरदार नशा आणणारं. चढायला अर्धा ते दोन तास लागतात आणि घात इथेच होतो. ‘काहीच होईना’ म्हणून दुसरा पेला, वर एखादा भांगेचा पेढा, मग सगळं एकदम अंगावर येतं: छातीत धडधड, घबराट, उलट्या, भलतेसलते भास. हे सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त चालतं. भांगेच्या गोळीत नेमकं किती टीएचसी आहे हे घोटणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हृदयविकार असलेल्याने तर या वाटेला जाऊच नये.

गांजाचं वेगळं नुकसान म्हणजे धूर. जुना खोकला, कफ, शिवाय तंबाखू मिसळून ओढला तर निकोटिनची सवय. फुप्फुसं वाचतात, ही भांगेची जमेची बाजू. माझ्या मते तेवढीच.

बाकी हिशेब सामाईक. नशेत गाडी चालवणं दोन्हींत धोक्याचं. कोवळ्या वयात सुरू केलं तर चटक लागण्याची शक्यता वाढते, आणि घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर मानसिक आजाराचा धोकाही. वर्षानुवर्षं नियमित घेणाऱ्या काहींना पोटदुखी आणि न थांबणाऱ्या उलट्यांचा त्रास होतो. गरम पाण्याच्या अंघोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. रुग्ण नशेचं बोलत नाही, म्हणून पित्ताची औषधं चालू राहतात. ही नशा बंद केल्याशिवाय त्या उलट्या कायमच्या थांबत नाहीत.