थ्रॉटलचा अर्धा व्होल्ट

मांजरसुंब्याचा घाट माझी जुनी पेट्रोल गाडी बिनतक्रार चढायची. रडायची ती बीडमध्ये, सुभाष रोडच्या गर्दीत. गतिरोधक ओलांडून ॲक्सिलरेटरवर जरा पाय टेकवला की आधी आचका, मग क्षणभर काहीच नाही, मग एकदम उसळी. प्लग बदलून झाले, एअर फिल्टर बदलून झाला. शेवटी गॅरेजवाले चाचा म्हणाले, "सर, पेट्रोलचं दुखणं नाही हे. कॉम्प्युटरला तुमचा पाय दिसंना झालाय."

पेट्रोल गाडीत पायाने आपण पेट्रोल सोडत नाही, हवा सोडतो. इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत एक गोल चकती असते, थ्रॉटल. पाय दाबला की ती फिरते आणि वाट मोकळी होते. पेट्रोल किती मारायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. चकती किती उघडली आणि किती झपाट्याने उघडली, हे त्याला चकतीच्या दांड्याच्या टोकाला बसवलेली प्लॅस्टिकची छोटी डबी सांगते. हाच थ्रॉटल पोझिशन सेन्सर. झपाट्याने उघडली तर ईसीयू जास्तीचं पेट्रोल देतो. पाय काढला नि गाडी वेगात असली तर पेट्रोल तोडतोसुद्धा.

डबीत नवल काही नाही. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. कार्बनची पट्टी, तिच्यावरून सरकणारा पत्र्याचा पाय. पट्टीच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्याला अर्थिंग, आणि सरकता पाय मधला जो व्होल्टेज उचलेल तो तिसऱ्या वायरीने ईसीयूकडे. आकाशवाणी परभणीचा आवाज वाढवताना बटण एका ठरावीक जागी खरखरायचं ना? तिथली पट्टी झिजलेली असायची.

मला सगळ्यात आवडली ती यातली एक हुशारी. चकती बंद असताना सेन्सर शून्य दाखवत नाही, साधारण ०.५ व्होल्ट दाखवतो. पूर्ण उघडल्यावरही ५ नाही, ४.५ च्या आसपास. दोन्ही टोकांना जागा मुद्दाम सोडलेली असते. वायर तुटली तर शून्य येतं, ५ व्होल्टच्या वायरीला चिकटली तर पाच. शून्य म्हणजेच 'बंद' असं ठरवलं असतं, तर तुटलेली वायर आणि सोडलेला पाय ईसीयूला सारखेच वाटले असते. आता आवाक्याबाहेरचा आकडा आला की तो इंजिनाचा दिवा लावतो आणि बिघाडाचा कोड नोंदवतो: फार कमी असेल तर पी०१२२, फार जास्त असेल तर पी०१२३.

माझ्या गाडीचा दिवा मात्र लागलाच नव्हता. चाचांनी चावी 'ऑन' केली, इंजिन चालू केलं नाही. कनेक्टर न काढता मागून सिग्नलच्या वायरीला टाचणी लावली आणि ड्रॉवरमधून काट्याचा जुना मीटर काढला. डिजिटल मीटर होता की शेजारी! पण त्याचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, मधली डुबकी त्यात हरवते. चाचा हाताने थ्रॉटल मुंगीच्या चालीने उघडू लागले. काटा थोडा चढला, धपकन खाली पडला, पुन्हा वर आला आणि पुढे शेवटपर्यंत सरळ गेला. "हे बघा तुमचा आचका."

नवा सेन्सर बसवण्याआधी त्यांनी थ्रॉटल बॉडी, म्हणजे चकती बसवलेली नळी, धुतली. काजळी अडकून चकती पूर्ण मिटत नसेल तर त्यावर केलेलं सेटिंग फुकट. सेन्सरची खाच दांड्यात बसवायची, स्प्रिंगच्या विरुद्ध किंचित फिरवायचा आणि दोन स्क्रू हलके लावायचे. स्क्रूची भोकं लांबट असतात, तेवढ्यात डबी मागेपुढे सरकते. चकती साधारण ८० अंश फिरते आणि तेवढ्यात ४ व्होल्टचा फरक पडतो, म्हणजे एका अंशाला ०.०५ व्होल्ट. इथे बारीक हात लागतो. आता डिजिटल मीटर आला. ०.५० वर आणून स्क्रू आवळला, तर आकडा ०.५६. स्क्रू डबीला सोबत ओढतो. सैल करा, पुन्हा लावा, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा. तिसऱ्या खेपेला जमलं. हा आकडा जास्त राहिला तर ईसीयूला पाय अजून पेडलवरच आहे असं वाटतं, मग आयडलिंग, म्हणजे पाय न लावता इंजिनाचं चालणं, वरखाली होतं. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, तो सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. आणि चकती कुठवर मिटेल ते ठरवणारा स्टॉप स्क्रू फिरवून आकडा जुळवण्याचा मोह टाळावा, त्याने हवेचंच सेटिंग बिघडतं.

भोकं लांबट नसून गोल असतील तर सेटिंगची भानगडच नाही, बंद असतानाचा आकडा ईसीयू स्वतः शिकतो. नव्या गाड्यांत तर ॲक्सिलरेटरची केबलच नसते. मोटर चकती फिरवते, दोन सिग्नल एकमेकांशी ताडून पाहिले जातात, आणि सेन्सर बहुधा चुंबकावर चालणारा, न घासणारा. तिथे चावी चालू असताना चकतीत बोट घालू नये, मोटर ती खाडकन मिटवते.

जुना सेन्सर चाचांनी स्क्रू ड्रायव्हरने उचकटून दाखवला. काळी पट्टी जवळजवळ नव्यासारखी होती. फक्त सुरुवातीच्या दोन-तीन मिलिमीटरांत पांढुरकी, चकचकीत घासलेली रेघ. "बाकीची वापरलीच कुठं तुम्ही," चाचा म्हणाले, "बीडात पाय पूर्ण दाबायला रस्ता लागतो ना, सर."