सेल्युलायटिस की नेक्रोटायझिंग फॅसायटिस? लालीच्या कडेपलीकडे दाबून बघा

लाल, गरम, सुजलेला पाय इमर्जन्सीत नेहमीच येतो आणि बहुतेक वेळा तो सेल्युलायटिसच असतो. संसर्ग त्वचेत आणि तिच्या लगेच खालच्या थरात असतो. लाली जिथे, दुखणं तिथे.

नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणजे आतला भाग मारत जाणारा संसर्ग. त्यात जंतू खोलवर, स्नायूंवरच्या आवरणावरून म्हणजे फॅसियावरून पसरतात. वरची त्वचा बराच वेळ साधीच दिसते, म्हणून फसगत होते. लालीच्या कडेपासून चार बोटं पुढे, चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर हलकं दाबा. तिथेही रुग्ण कळवळला किंवा भाग लाकडासारखा टणक लागला, तर सेल्युलायटिस म्हणून मोकळं होऊ नका. पुढे त्वचेच्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात; जांभळट डाग आणि रक्ताळ फोड येतात. संवेदना नेणाऱ्या नसा मेल्या की तो भाग बधिर होतो आणि दुखणं उतरतं. ते औषधाचा गुण समजणं ही सगळ्यात घातक चूक. आधी घेतलेल्या वेदनाशामकांनीही चित्र झाकलं जातं. ताप नसला तरी निर्धास्त राहू नका.

आतल्या हवेमुळे बोटाखाली कुरकुर लागली किंवा एक्स-रेत ती हवा दिसली तर संशय पक्का होतो, पण पुष्कळांत ती नसतेच, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे झालेल्या आजारात. लरिनेक (LRINEC) स्कोअर, म्हणजे रक्ततपासण्यांवरून या आजाराचा संशय मोजणारे गुण, त्याचंही तसंच. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन), पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन आणि साखर यांवरून तो काढतात. 6 किंवा जास्त आला तर संशय वाढतो, कमी आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही.

लालीची कड पेनाने आखून वेळ लिहा आणि तासाभराने पुन्हा बघा. अँटिबायोटिक चालू असताना रेघ तासांत ओलांडली गेली, नाडी वाढली किंवा बीपी उतरलं, तर सर्जनला लगेच बोलवा. मेलेला भाग काढायचं ऑपरेशन सीटी स्कॅनसाठी लांबवू नका. ब्रॉड-स्पेक्ट्रम (अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणाऱ्या) अँटिबायोटिकसोबत क्लिंडामायसिन द्यावं, त्याने जंतूंचं विष बनणं थांबतं. मात्र मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही, त्यामुळे औषधही पोचत नाही; म्हणून ऑपरेशन लागतंच.

तरीही शंका असेल तर सर्जन भूल देऊन साधारण 2 सेंटीमीटरचा चिरा फॅसियापर्यंत घेतात. रक्त येत नाही, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा गढूळ द्रव येतो आणि बोट फॅसियावरून विनासायास सरकत जातं, असं दिसलं की तोच चिरा तिथल्या तिथे वाढवून मेलेला भाग काढायला घ्यायचा.