पदवीवर सही कुणाची? स्वायत्त कॉलेज आणि अभिमत विद्यापीठ

जूनच्या पहिल्या आठवड्यात बार्शीहून माझा मावसभाऊ लेकीला घेऊन घरी आला. तिला इंजिनिअरिंगला जायचंय. टेबलावर दोन गुळगुळीत माहितीपुस्तिका ठेवून म्हणाला, "ताई, दोन्ही सारखीच ना गं? दोघांचेही पेपर त्यांचे तेच काढतात म्हणे." एक पुस्तिका स्वायत्त कॉलेजची होती, दुसरी खासगी अभिमत विद्यापीठाची. मी स्वतः एका स्वायत्त कॉलेजात शिकवते आणि हा प्रश्न दर वर्षी ऐकते. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण वर्गात बसलेल्या मुलाला दोन्हीकडे सारखंच दिसतं: अभ्यासक्रम तिथलाच, परीक्षा तिथलीच, निकालही तिथेच लागतो.

फरक कळतो तो पदवीचा कागद हातात घेतल्यावर. आमच्या मुलांना सहा सत्रांच्या गुणपत्रिका कॉलेज देतं. त्यांवर आमच्या परीक्षा नियंत्रकांची सही असते. पदवी प्रमाणपत्र मात्र विद्यापीठाचं. बोधचिन्ह विद्यापीठाचं, सही कुलगुरूंची आणि सोबत कॉलेजचं नाव. म्हणजे स्वायत्त कॉलेज हे विद्यापीठाशी संलग्न असलेलं कॉलेजच राहतं. अभ्यासक्रम आखणं, परीक्षा घेणं, निकाल लावणं ही कामं त्याच्याकडे येतात, पण अभ्यास मंडळावर कुलगुरूंनी नेमलेला माणूस बसतोच. अनुदानित कॉलेज असेल तर शिक्षकांचा पगारही पूर्वीसारखाच सरकारकडून होतो. महाराष्ट्रात काही कॉलेजांच्या पाटीवर 'अधिकारप्रदत्त स्वायत्त' असंही लिहिलेलं दिसतं. त्यांना थोडी जास्त मोकळीक आहे, तरी ती विद्यापीठं नव्हेत.

अभिमत संस्थेचं घर वेगळं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ खाली, आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार हा दर्जा देतं. मग ती संस्था कुणाशीही संलग्न नसते. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कुलगुरूंच्या सहीने पदवी देते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला हा दर्जा १९५८ मध्ये मिळाला. आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्यातलं डेक्कन कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूट या अभिमतच. एखाद्या विषयात खोल काम करणाऱ्या संस्थांचा हा मान होता. पुढे वैद्यकीय, अभियांत्रिकी, व्यवस्थापन शिकवणाऱ्या खासगी संस्था मोठ्या संख्येने त्यात आल्या आणि लोकांच्या मनात 'अभिमत' म्हणजे 'महागडं' असं समीकरण बसलं. ते सगळ्यांना लागू नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

आता सरकारी नियमांकडे येते, कारण खरी तारांबळ तिथे उडते. स्वायत्त कॉलेजच्या डोक्यावर तीन छपरं आहेत: दिल्लीचा आयोग, राज्य सरकार आणि आपलं विद्यापीठ. यातलं कुठलंही हललं की धूळ आमच्या अंगावर पडते. एप्रिल २०२३ मध्ये राज्याचा शासन निर्णय आला आणि नवं शैक्षणिक धोरण आधी स्वायत्त कॉलेजांत नि विद्यापीठांच्या विभागांत सुरू झालं, २०२३-२४ पासून. बाकीच्या संलग्न कॉलेजांना आणखी एक वर्ष मिळालं. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही रोज कॉलेजात बसून क्रेडिटचे, म्हणजे कुठल्या विषयाला किती भार याचे, तक्ते जुळवत होतो. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले विषय. एका वर्गाला कुठली खोली द्यायची, याचाही पत्ता नव्हता. पहिल्या तुकडीच्या मुलांनी त्या धांदलीची किंमत मोजली. याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच वर्षी आयोगाने स्वायत्त कॉलेजं आणि अभिमत संस्था, दोघांचीही नियमावली बदलली. स्वायत्ततेसाठी कॉलेजने थेट आयोगाकडे अर्ज करायचा आणि विद्यापीठाने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर त्याची हरकत नाही असं धरायचं. पूर्वी विद्यापीठात फाइल अडून राहायची, त्यावरचा हा उतारा. मला तो मनापासून पटतो.

अभिमत संस्थांना राज्याच्या शासन निर्णयांची झळ कमी लागते, पण दिल्ली आणि न्यायालय यांचा फटका थेट बसतो. ३ नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. चार अभिमत संस्थांनी दूरशिक्षणातून इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या होत्या, तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची (एआयसीटीई) मान्यता न घेता. २००१ ते २००५ या सत्रांतल्या मुलांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि पुन्हा परीक्षा द्यायला सांगितली. त्यानंतरच्या रद्द केल्या. नोकरीला लागून दहा वर्षं झालेल्या माणसांना पुन्हा पेपर लिहायला बसावं लागलं. त्याच निकालामुळे अभिमत संस्थांना नावात नुसतं 'युनिव्हर्सिटी' लावायला बंदी आली. नावापुढे कंसात 'अभिमत विद्यापीठ' लिहिलेलं दिसतं, ते तेव्हापासून.

आणि पैसे. भावाला खरं तर तेवढंच विचारायचं होतं, फक्त संकोच वाटत होता. स्वायत्त विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या (सीईटी सेल) केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, म्हणजे कॅप राउंडमधून होतो. खासगी अभिमत विद्यापीठ या दोन्हींच्या बाहेर. इंजिनिअरिंगसाठी त्याची स्वतःची प्रवेश परीक्षा असू शकते. (वैद्यकीयची गोष्ट निराळी. तिथे अभिमत असो वा नसो, नीट द्यावीच लागते आणि अभिमतच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून भरतात.) २०२४-२५ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. अट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असण्याची. ही सवलत स्वायत्त कॉलेजात मिळते, सरकारी अभिमत संस्थेतही मिळते. खासगी अभिमत विद्यापीठं मात्र शासन निर्णयातच वगळली आहेत. एकाच रस्त्यावरच्या दोन फाटकांत एवढं अंतर! आमच्याकडे एका मुलीने बाहेरच्या एजंटचं ऐकून कॅपचा फॉर्मच भरला नव्हता. नंतर आलेल्या तिच्या आईला काय सांगावं, ते मला सुचेना.

पुढे एमए-एमएस्सीला जाताना आणखी एक छोटी गोष्ट आड येते. स्वायत्त कॉलेजचा विद्यार्थी त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात दाखल्यावर जातो. अभिमतमधून राज्य विद्यापीठात यायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट (आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आणि पात्रता प्रमाणपत्र लागतं. काम होतं, पण हेलपाटे पडतात.

नव्या धोरणाला ही दोन्ही नावंच टप्प्याटप्प्याने मागे टाकायची आहेत. संलग्नता संपवून स्वायत्त कॉलेजांनी स्वतः पदवी द्यावी आणि 'अभिमत' वगैरे उपाध्या जाऊन निकषांत बसणाऱ्या सगळ्यांना नुसतं 'विद्यापीठ' म्हणावं, असं त्यात लिहिलंय. त्यासाठी २०३५ चा पल्ला ठेवलाय. तोवर कागद वाचूनच निर्णय घ्यावा लागणार.

भाची इतका वेळ गप्प होती. तिने दुसरी पुस्तिका ओढली, मुखपृष्ठावरच्या बारीक अक्षरातल्या कंसाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "आत्या, कॅपच्या नोंदणीची शेवटची तारीख काय आहे?"